लुसेरो, पिंतादो आणि कोरं चामडं

सान हेर्वासियोच्या दवाखान्यात डायलिसिस विभागाच्या दाराशी एक लोखंडी टेबल आहे आणि त्या टेबलामागे गेली एकवीस वर्षं निमिया बेनेगास बसते. डॉक्टर बदलले, यंत्रं बदलली, छपराचे पत्रे दोनदा उडाले. निमिया आहे तिथंच आहे. कुणाचा वार कुठला, कुणासाठी गाडी कुठल्या फाट्यावर थांबवायची, कुणाची सून रुसून माहेरी गेल्यामुळे म्हातार्‍याच्या जेवणाचे हाल आहेत, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. संगणकातही असतं, पण ते वरच्या साहेबांच्या समाधानासाठी, असं ती म्हणायची. आता म्हणत नाही.

पेशंट सदतीस. अर्धे सोमवार-बुधवार-शुक्रवारचे, अर्धे मंगळवार-गुरुवार-शनिवारचे. आदल्या दिवशी दुपारी निमिया प्रत्येकाला फोनवर निरोप पाठवते, आणि तो कधीच लिहून नाही. बोलून, आपल्या ग्वारानी भाषेत, आणि बहुतेक वेळा शिव्यांची फोडणी देऊन.

"ए वाळक्या चामड्या, उद्या सहाला तयार राहा. आणि शनिवारसारखं टरबूज हाणून आलास तर यंत्राला नाही, खांबाला बांधीन तुला."

हा निरोप काराई विल्फ्रिदोचा. दवाखान्यासमोर त्याचं चामड्याचं दुकान आहे. वय अडुसष्ट, मंगळवारचा पेशंट, आणि सगळं गाव त्याला मानाने काराई म्हणतं. शिव्या देण्याचा हक्क फक्त निमियाचा.

आमच्याकडे माणूस घराबाहेर पडताना एकवेळ टोपी विसरेल, थर्मास विसरणार नाही. थर्मासात बर्फाचं पाणी, ग्वाम्पात, म्हणजे शिंगाच्या पेल्यात, येर्बाची पत्ती, आणि एकच नळी सगळ्यांच्या तोंडी. हे आमचं तेरेरे. थर्मासला चामड्याचा अंगरखा असतो आणि त्यावर माणूस आपल्या जिवाभावाचं काहीतरी ठोकून घेतो. पोरांची नावं, फुटबॉलचा क्लब, काआकुपेची माउली. काराई विल्फ्रिदो चाळीस वर्षं गावाच्या थर्मासांना अंगरखे घालतो आहे. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मूत्रपिंडांनी संप पुकारला आणि डॉक्टरांनी त्याचं पाणी मोजून दिलं. तेरेरेचा एक लहान ग्वाम्पा, बस्स. पेला फिरत असताना कुणी आभार मानत नाही. रिकामा पेला मुकाट्याने परत द्यायचा, की तो फिरून पुन्हा येतो. आभार मानले म्हणजे माझं पुरे झालं. विल्फ्रिदो पहिल्याच पेल्याला आभार मानतो आणि मग खिडकीबाहेर बघत बसतो. त्या वेळी निमियाला त्याच्याकडे बघवत नाही.

निमियाच्या थर्मासवर कुणा पोराचं नाव नव्हतं. लग्नाच्या भानगडीत ती पडलीच नाही. तिच्या तांबड्या चामड्यावर ठसठशीत अक्षरांत एका ओळीत ठोकलं होतं: लुसेरोपिंतादो७९. लुसेरो आणि पिंतादो हे तिच्या बापाचे बैल. एकोणऐंशीच्या पुरात तिच्या आईला कसलासा ताप चढला, तेव्हा त्या दोघांनी गाडी ओढत, पोटाएवढ्या चिखलातून, याच दवाखान्यात आणून सोडली होती. बारा वर्षांची निमिया आईचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. आई त्यानंतर तीस वर्षं जगली. माणसाला वेळेवर दवाखान्यात आणून पोचवणं यापलीकडे जगात मोठं काम नाही, हे निमियाच्या मनात तेव्हा बसलं ते बसलंच.

आता त्या ओळीची खरी गंमत. तो तिचा पासवर्ड होता.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी राजधानीहून बसने लिस माबेल नावाची मुलगी दवाखान्याचे संगणक बघायला यायची. शिडशिडीत, चष्मा, आणि बोलणं तोडून. तिने निमियाच्या टेबलामागे एक कागद चिकटवला होता. एकच पासवर्ड सगळीकडे नको. पासवर्डच्या आत आणखी एक कुलूप लावा, म्हणजे फोनवर आकडा आल्याशिवाय उघडणार नाही. दर शुक्रवारी यादीची प्रत काढून वेगळी ठेवा. कुणी काही मागितलं तर आधी आपल्याला माहीत असलेल्या नंबरावर फोन करून विचारा.

"न्या निमिया," ती एकदा म्हणाली (बायकांना मानाने आम्ही न्या म्हणतो), "तुमच्या वॉर्डात प्रत्येक पेशंटची नळी वेगळी, फिल्टर वेगळा. का हो?"

"एकाचं दुसर्‍याला लागू नये म्हणून. एवढं कळत नाही, आणि निघालीय शिकवायला."

"मग एकच पासवर्ड पाच ठिकाणी कशाला?"

"शब्दाला रक्त लागत नाही, पोरी. घे, तेरेरे घे."

मुलीने तेरेरे घेतलं, पण आपलं म्हणणं सोडलं नाही. शेवटी निमियाने एवढंच केलं, की जुना चार अक्षरी पासवर्ड टाकून बैलांची नावं घातली. मग ती विसरायची भीती वाटायला लागली. बैल विसरणं शक्य नव्हतं, पण आधी लुसेरो की आधी पिंतादो, आणि सालाचे आकडे दोन की चार, याचा भरवसा नव्हता. लिस माबेलने कागदावर लिहायचं नाही अशी तंबी दिली होती. चामड्याबद्दल ती काही बोलली नव्हती. नवा अंगरखा करायचाच होता. निमियाने विल्फ्रिदोकडून ठोकूनच घेतला.

चार सवयींपैकी तिने इमानाने पाळली ती एकच, शुक्रवारची प्रत. तीही कागदाची आवड म्हणून. यादी छापायची, घडी घालायची, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि डबा औषधांच्या कपाटात कुलूपबंद. बाकीचं पुढच्या महिन्यात बघू म्हणता म्हणता अकरा महिने गेले.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, काराई विल्फ्रिदो हातातला हातोडा तसाच घेऊन रस्ता ओलांडून आला आणि टेबलासमोर उभा राहिला.

"निमिया, माझं काही चुकलं का?"

"जन्मापासून. का?"

"नाही, तू मला सन्माननीय म्हणालीस."

"मी? तुला? ऊन लागलंय का?"

त्याने फोन पुढे केला. नंबर अनोळखी, पण वर दवाखान्याचा शिक्का. खाली शुद्ध स्पॅनिशमध्ये लिहिलेलं: सन्माननीय रुग्ण, उद्याची आपली डायलिसिसची वेळ रद्द झाली असून पुढील वेळ शुक्रवारी आहे. वेळ निश्चित करण्यासाठी आपल्या फोनवर येणारा सहा आकड्यांचा क्रमांक आम्हांस त्वरित पाठवावा.

"आकडा आला?"

"आला. पण पाठवला नाही. म्हटलं, शिव्या नाहीत म्हणजे हे तुझं नव्हे. समोरच तर आहेस, जाऊन विचारावं."

निमियाने संगणकावर यादी उघडायला घेतली. पासवर्ड चुकीचा. पुन्हा घातला, एकेक अक्षर दाबून. चुकीचा. मंगळवारचे अठरा पेशंट शनिवारी रक्त धुऊन घेऊन गेले होते. शनिवार ते मंगळवार हे आठवड्यातलं सगळ्यात लांब अंतर. तेवढ्यातच पाय सुजतात, श्वास लागतो. शुक्रवारपर्यंत थांबले तर सगळेच्या सगळे जिवंत उरतील, असं कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं.

तिने लिस माबेलला फोन लावला. मुलीने एकही टोमणा मारला नाही. मेल चोरीला गेलाय, तिथून पेशंटांचे नंबर उचलले, जो सहा आकडे पाठवील त्याचं व्हॉट्सअ‍ॅप चोराच्या ताब्यात जाईल आणि मग त्याच्या नावाने तो नातेवाइकांकडे पैसे मागत फिरेल. वेळ रद्द केली ती फक्त घाबरवायला. चोराला डायलिसिस म्हणजे काय हेही ठाऊक नसेल.

"पासवर्ड कुणाला माहीत होता?" तिने विचारलं.

"कुणाला नाही! आईच्या आत्म्याची शपथ, मी जिवंत माणसाला सांगितलेला नाही."

समोर विल्फ्रिदो टेबलावरच्या थर्मासकडे बघत होता. मघापासून तो निमियाच्या बोटांकडेही बघत होता, ती एकेक अक्षर दाबताना.

"निमिया," तो हळूच म्हणाला, "बैल का?"

निमियाने थर्मास उचलून टेबलाखाली ठेवला.

"मग मला माहीत आहे. मीच ठोकलाय."

फोनच्या दुसर्‍या टोकाला हे ऐकू गेलं होतं. मग लिस माबेलने दवाखान्याच्या फेसबुकवरचा विभागाच्या वाढदिवसाचा फोटो उघडायला सांगितला. केक, फुगे, सगळा स्टाफ, मागच्या फलकावर विभागाचा मेलचा पत्ता, आणि पुढे, अगदी मधोमध, उत्सवमूर्तीच्या थाटात, तांबडा थर्मास. साडेतीनशे लोकांना तो फोटो आवडला होता. त्यातल्या एकाला जरा जास्तच.

निमियाला रडायला वेळ नव्हता. ती उठली आणि सरळ संचालकांच्या खोलीत गेली. "चूक माझी आहे," ती दारातूनच म्हणाली, आणि चामड्यापासून फोटोपर्यंत सगळं सांगून टाकलं. संचालक टेबलावर बोटं वाजवत ऐकत राहिले.

"लपवलं असतंत तर उद्यापासून घरी बसवलं असतं," ते म्हणाले. "आता गाडी घ्या, माणसं घ्या, काय हवं ते घ्या. उद्या सकाळी अठराच्या अठरा खुर्च्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत."

औषधांचं कपाट उघडलं. बिस्किटांचा डबा निघाला. शुक्रवारची प्रत त्यात होती. नावं, वाड्या, फाटे, शेजार्‍यांचे नंबर, सगळं. निमियाने तो कागद छातीशी धरला. अकरा महिने जिला टाळलं त्या मुलीला तिने मनातल्या मनात हात जोडले.

वॉर्डाचा फोन शाबूत होता, कारण त्याचा आकडा कुणी मागितलाच नव्हता. लिस माबेलने फोनवरूनच त्याला आणखी एक कुलूप लावून घेतलं. मग निमियाने निरोप बोलायला सुरुवात केली, एकेकाला, त्याच्या त्याच्या शिवीसकट, म्हणजे खात्री पटावी. "उत्तर लिहून नको, बोलून पाठवा. मला तुमचा आवाज ऐकायचाय." विल्फ्रिदो मोटरसायकलवरून गावच्या रेडिओ केंद्रात गेला. तिथे हरवलेल्या गाईपासून बारशाच्या आमंत्रणापर्यंत सगळं वाचून दाखवतात. त्या दिवशी दर दहा मिनिटांनी वाचलं, की मंगळवारची गाडी नेहमीसारखीच येणार आहे आणि दवाखाना कुणाकडेही आकडा मागत नाही.

पाच जणांनी आकडे देऊन टाकले होते. त्यांतल्या चौघांच्या शेजार्‍यांना रेडिओवरून कळलं आणि ते निरोप घेऊन धावले. दुपारी दोनपर्यंत सतरा नावांपुढे बरोबरची खूण झाली. उरली एकटी न्या देओलिंदा, सगळ्यात लांबच्या वाडीतली, एकटी राहणारी.

तिच्याकडून उत्तर आलं. लिहिलेलं. 'संदेश मिळाला, आभारी आहे.'

"चला, झाल्या अठरा," गाडीचा ड्रायव्हर पाब्लिनो म्हणाला.

"गाडी काढ," निमिया म्हणाली. "देओलिंदाला लिहिता येत नाही."

आदल्या दिवशी वादळ होऊन गेलं होतं. तांबड्या रस्त्याचा राडा झालेला. वाडीच्या अलीकडे ओढ्यात गाडीची मागची चाकं रुतली ती रुतलीच. पाब्लिनोने शिव्या दिल्या, निमियाने त्याहून चांगल्या दिल्या, चाकं हलली नाहीत. पलीकडच्या शेतात एक म्हातारा बैलगाडीतून कसावाचे कंद नेत होता. निमिया बूट हातात घेऊन चिखलातून त्याच्याकडे गेली. कंद तिथंच बांधावर उतरवले आणि बैलगाडी देओलिंदाच्या दारात नेली.

न्या देओलिंदा अंगणात खुर्चीवर बसली होती. घोटे सुजलेले, श्वास वरवरचा. शेजारच्या शाळकरी मुलीकडून तिने निरोप वाचून घेतला होता, आकडाही तिच्याकडूनच पाठवला होता. दवाखान्याने सांगितलं म्हणजे ऐकायला हवं. मग फोन बंद पडल्यासारखा झाला, म्हणून तो देवाच्या फळीवर ठेवून ती शुक्रवारची वाट बघत होती. उकाड्याने जीव कासावीस झाला म्हणून दोन पेले पाणीही प्यायली होती, आणि ते मात्र तिने चोरी कबूल केल्यासारखं सांगितलं.

"न्या देओलिंदा, तो निरोप माझा नव्हता," निमिया म्हणाली. "पण चूक माझी होती. माझ्यामुळे तुमच्यापर्यंत चोर पोचला. मला माफ करा."

"चोर फोनवर आला ग," म्हातारी धापा टाकत म्हणाली. "तू चिखलातून आलीस. मला फरक कळतो."

परतताना निमिया बैलगाडीत देओलिंदाचे पाय मांडीवर घेऊन बसली. ओढ्याच्या पाण्यात बैलांच्या पाठी हलत होत्या. तिला आई आठवली, बाप आठवला, आणि तोवर अडवून ठेवलेलं रडू आलं. बैलांची नावं विचारायची तिला फार इच्छा झाली, पण विचारली नाहीत. न जाणो, कुणाच्या तरी फोनची किल्ली असायची. त्याच बैलांनी पलीकडे नेऊन दवाखान्याची गाडीही ओढून काढली, आणि म्हातार्‍याने त्याबद्दल काही घ्यायला साफ नकार दिला. देओलिंदाला त्याच संध्याकाळी यंत्रावर घेतलं. सकाळी उरलेल्या सतराही खुर्च्या भरल्या, तेव्हा कुठे निमियाचा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी लिस माबेल खास बसने आली. निमियाने तिला दारातच घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "पोरी, तू नसतीस तर मी अठरा माणसांना मुकले असते. आता शिकव, मी तोंड उघडणार नाही." अर्थात तिने तोंड उघडलंच, पण शिकलीही. प्रत्येक कामाला वेगळा पासवर्ड, चार असंबद्ध शब्दांचा, आणि सगळे एका कुलूपबंद वहीत, आत दुसरं कुलूप, शुक्रवारची प्रत. पेशंटांनाही तिने कानाला खडा लावायला लावला: आकडा कुणाला सांगायचा नाही, निमिया मेली आणि तिच्या भुताने मागितला तरी नाही. वाढदिवसाचा तोच फोटो टेबलामागच्या भिंतीवरही लावलेला होता, तो उतरवला नाही. त्यातल्या थर्मासवर तेवढी फुली मारली आणि खाली लिहिलं, 'हा शहाणपणा माझा.'

गोष्ट गावभर झाली, आणि मग एक मजा झाली. दुसर्‍याच आठवड्यापासून विल्फ्रिदोच्या दुकानात रांग लागली. औषधवाला, शाळेची मुख्याध्यापिका, नगरपालिकेतले दोन कारकून, सगळे खाली मान घालून, थर्मास पिशवीत लपवून आलेले. सगळ्यांना नवे अंगरखे हवे होते, घाईने. "चाळीस वर्षं मी सगळ्यांच्या किल्ल्या ठोकत होतो," विल्फ्रिदो म्हणाला, "आणि मला वाटत होतं, लोकांना क्लबचं प्रेम आहे." आता तो हातोडा उचलण्याआधी गिर्‍हाइकाला विचारतो, "याने कुठलं कुलूप उघडत नाही ना?"

निमियाही गेली. तिने कोरा अंगरखा मागितला.

"कोरा?" विल्फ्रिदोने चष्मा कपाळावर सरकवला. "आजवर कोरा कुणाला केला नाही मी."

"मग मला कर. लुसेरो आणि पिंतादो माझ्याजवळच राहू देत."

त्याने तिच्यासाठी सगळ्यात मऊ चामडं काढलं, शिवण दुहेरी घातली आणि पैसे घेतले नाहीत. मंगळवारी यंत्रावर जायच्या आधी त्याने तो थर्मास टेबलावर आणून ठेवला. तांबडा, स्वच्छ, एक अक्षर नाही. निमियाने त्यातलं बर्फाचं पाणी ग्वाम्पात ओतलं आणि पहिला पेला त्याला दिला. त्याचा दिवसाचा एकुलता एक.

"विल्फ्रिदो," ती म्हणाली, "त्या दिवशी तू आकडा पाठवून मोकळा झाला असतास तर मला दुपारपर्यंत कळलंही नसतं. देओलिंदा आज इथे नसती. मी तुझी जन्माची ऋणी आहे, हे एकदा शिव्यांशिवाय सांगायचं होतं."

"नको ग असं बोलूस," तो म्हणाला. "मला वाटेल पुन्हा कुणी चोर आला."

तो पेला त्याने सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. निमिया खाली बघून वही उघडायला लागली, कारण आता तो आभार मानणार आणि खिडकीकडे तोंड फिरवणार, हे तिला ठाऊक होतं.

त्याने आभार मानले नाहीत. रिकामा पेला मुकाट्याने तिच्या हातात दिला.

"विल्फ्रिदो, डॉक्टरांनी एकच सांगितलाय."

"माहीत आहे. आजचा झाला. पण माझी फेरी संपली असं कोण म्हणालं? गुरुवारी आहेच की मी."

आतून नर्सने त्याचं नाव पुकारलं. तो उठून आपल्या खुर्चीकडे गेला. निमियाने पेला धुतला, पुसला आणि त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवला. मग डोळे पुसून, त्या दिवशी दुपारची वाट न बघताच, तिने वॉर्डाचा फोन उचलला आणि बुधवारवाल्यांना शिव्या द्यायला सुरुवात केली.